बाग गेली, माळ काढून ठेवली. आता पांडुरंगावर विश्वास ठेवायचा म्हणजे काय करायचं?

रामकृष्ण हरी, माउली.

तुमचा प्रश्न सावकाश वाचला. आधी तो माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हाला दिसेल.

तुम्ही सांगोला तालुक्यातले. 2017 साली पुण्यातली कंपनीची नोकरी सोडून गावी आलात आणि तीन एकर भगवा डाळिंब लावलं. बँकेचं कर्ज, सोसायटीचं पीककर्ज आणि शेवटी शेवटी एका खासगी माणसाकडून घेतलेले पैसे. पहिले बहार चांगले गेले. मग खोडकिडा आला, मागोमाग तेल्या रोग, आणि शेवटी बाग जेसीबी लावून काढावी लागली. ठरलेलं लग्न त्याच महिन्यात मोडलं. घरात वारीची परंपरा, तुम्हीही लहानपणापासूनचे माळकरी. आप्पा म्हणतात, "पांडुरंगाची इच्छा." ते ऐकलं की तुमच्या अंगाची लाही होते, आणि एका रात्री तुम्ही माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. आता तुम्ही विचारता आहात की दामाजीपंतांचं देणं विठ्ठलाने फेडलं, मग माझ्या वेळी तो कुठे होता? हे सगळं खरंच त्याच्या इच्छेने झालं का? विश्वास ठेव असं सगळे म्हणतात, तर उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं? आणि माळ काढली याचं पाप लागेल का?

मी बरीच वर्षं कीर्तनं करतो आणि पोटापाण्याला विकास सोसायटीचा सचिव होतो. त्यामुळे अडचणीत आलेला माणूस मला दोन ठिकाणी भेटत आला, थकबाकीच्या यादीत आणि देवळात. बहुतेक वेळा माणूस एकच असायचा. माझं उत्तर या दोन्ही अनुभवांतून आलेलं आहे. त्यात शास्त्रार्थ कमी असेल, पण जे लिहितो त्यावर माझी श्रद्धा आहे.

सगळ्यांत आधी एक गोष्ट विचारतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. झोप लागते का? जेवण जातं का? "आपण नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं," असा विचार मनात येऊन जातो का? येत असेल, एकदा जरी आला असेल, तर हे वाचणं थांबवा आणि आज घरातल्या एका माणसाला ते बोलून दाखवा. 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, कुठल्याही वेळी लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा. आठवडेच्या आठवडे झोप नसलेल्या माणसाला मी हरिपाठ सांगत नाही, आधी दवाखान्यात नेतो. औषध घेतल्याने भक्तीत काही उणं येत नाही. घरात फवारणीची औषधं पडली असतील तर ती सध्या दुसऱ्या कुणाच्या तरी कुलपात जाऊ द्या.

असं काही नसेल, आणि राग, थकवा आणि "आता कशात राम नाही" एवढंच असेल, तर पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की तुमचा देवावरचा विश्वास उडाला. मला तुमच्या पत्रात जरा वेगळं दिसतं. तीन एकर, इतकी झाडं, झाडामागे इतके किलो, इतक्या वर्षांत कर्ज फिटणार, मग घर, मग लग्न, हा हिशेब तुम्ही मांडला होता. मेहनतीने आणि अक्कलहुशारीने मांडला होता, त्यात चूक काही नव्हती. तुमचा खरा भरवसा त्या हिशेबावर होता. विठ्ठलाला तुम्ही त्यावर जामीनदार म्हणून उभं केलं होतं. सोसायटीत मी हे रोज पाहिलंय. कर्ज वेळेवर फिटतं तोवर जामीनदाराचं नावही कुणाला आठवत नाही, हप्ता थकला की पहिली नोटीस त्यालाच जाते. तुम्ही आता विठ्ठलाला नोटीस पाठवली आहे. पण माउली, त्याने त्या कागदावर सही कधी केली होती?

हे मी टोचून बोलत नाही. आपण सगळे असेच असतो. आषाढीला नामदेव पायरीपाशी डोकं टेकवताना पोराची नोकरी, पोरीचं लग्न, पाऊस, दर, हेच मनात असतं. मागण्यात वाईट काही नाही, आईकडे लेकरू मागणारच. पण ज्यांचे अभंग आपण रात्रंदिवस म्हणतो त्यांनी कशाची हमी घेतली होती तेही पाहायला हवं. कीर्तन संपताना आपण म्हणतो, "हेंचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा." त्या अभंगात पीक नाही, दर नाही. तुकोबाराय तिथे मुक्तीसुद्धा नको म्हणतात आणि संतसंग मागतात. तुझा विसर पडू नये, एवढंच मागणं. हे मागणं खोडकिडा खाऊ शकत नाही. वारकरी ज्याला विश्वास म्हणतात तो या मागण्याला धरून आहे.

आता दामाजीपंत. तुम्ही मंगळवेढ्याच्या शेजारचे, ते आख्यान तुम्हाला मी काय सांगणार! दुष्काळात पंतांनी बादशाहाची कोठारं लोकांना खुली केली आणि विठू महार होऊन देवाने ती रक्कम बेदरला भरली. मी हे आख्यान लावतो तेव्हा मंडपात डोळे पुसणारी माणसं दिसतात. पण त्यात दोन गोष्टी आहेत. पंतांनी कोठार उघडलं ते भुकेल्यांसाठी, आणि देव येऊन पैसे भरेल असं त्यांनी धरलेलं नव्हतं. ते शिक्षेला सामोरे जायला निघाले होते. त्यांचा विश्वास कोठार उघडतानाच पुरा झाला होता, भरणा नंतर झाला.

दुसरं असं की त्याच मंगळवेढ्यात चोखोबा होऊन गेले. गावकुसाच्या भिंतीचं काम चालू असताना ती कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. साल 1338 सांगतात. ज्याने उभा जन्म विठ्ठलाच्या दाराबाहेर उभं राहून त्याचं नाव घेतलं, त्याच्यावर पडणारी भिंत देवाने धरली नाही. नामदेवराय गेले, अस्थी शोधून आणल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली. आजही दर्शनाला जाणारा त्या समाधीजवळून जातो. आपल्या संप्रदायाने ही कथा लपवली नाही, "काहीतरी पाप असेल" म्हणून तिची वासलातही लावली नाही. दामाजींचं आख्यान सांगितलं की मी चोखोबांचं त्याच्या शेजारी ठेवतो. एकच ऐकून घरी गेलेला माणूस पहिल्या फटक्यात कोलमडतो.

त्यामुळे "माझ्या वेळी तो कुठे होता" याचं जे उत्तर माझ्याकडे आहे ते तुम्हाला अपुरं वाटेल. चोखोबांच्या वेळी होता तिथेच होता. भक्ती केली म्हणून भिंत पडायची थांबत नाही. भिंत पडल्यावर कुणीतरी नामदेव अस्थी वेचायला येतो, हे मात्र मी पाहिलंय. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा आमच्या भागात ज्यांच्या बागा आडव्या झाल्या, त्यांच्या घरी पहिला डबा दिंडीतल्याच माणसांकडून गेला. सरकारी पंचनामे पुढे झाले. कुणी उपदेश केला नाही, भाकरी आणि पिठलं ठेवून लोक निघून गेले. देव कसा मदत करतो असं विचारलं की माझ्या डोळ्यासमोर ते डबे येतात.

मग ही त्याची इच्छा होती का? यावर मी जपून बोलतो. बागेचं बोलायचं तर त्याला कारणं आहेत आणि ती तुम्हालाही माहीत आहेत. खोडात टाचणीएवढी भोकं पाडणारा तो किडा ताणात आलेल्या, कमजोर झाडांवर आधी बसतो. दाट लागवड, झाडाला विसावा न देता एकामागून एक धरलेले बहार, पावसाचं पाणी साचून गुदमरलेली मुळं. 2020 नंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत सांगोला आणि आटपाडीच्या पट्ट्यात गावंच्या गावं बागा काढत होती. त्यात माळकरी होते, माळ नसलेले होते, देवाधर्माचं सगळं करणारे होते आणि काहीच न करणारेही होते. किड्याने कुणाची माळ पाहिली नाही. तेव्हा देवाने तुम्हाला निवडून शिक्षा केली, हे डोक्यातून काढून टाका.

शास्त्रात प्रारब्ध आहे, तेही मी नाकारत नाही. पण त्याचा एक नियम मी पाळतो. स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणायचा हक्क माणसाला आहे, दुसऱ्याच्या दुःखाला तसं म्हणायचा हक्क मला नाही. "बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली," असं तुकोबाराय म्हणाले ते स्वतःबद्दल. देहूतल्या कुणा शेजाऱ्याने येऊन त्यांना तसं ऐकवलं नव्हतं. तुमचं दिवाळं निघालं ते बरं झालं, असं सांगणारा कुणी आला तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. पुढे कधी तुमच्याच तोंडून ती ओळ आली तर येईल, नाही आली तरी तुमच्या भक्तीत खोट नाही.

आप्पांचं मात्र वेगळं आहे. "पांडुरंगाची इच्छा" असं ते तुम्हाला समजवायला म्हणत नसावेत. बाग त्यांचीही गेली, पोराचं लग्न मोडलेलं त्यांनीही पाहिलं. त्यांच्या पिढीच्या माणसाला रडायला दुसरी जागा नाही, ते या दोन शब्दांत रडतात. त्यांच्याशी वाद घालू नका. शेजारी बसा, वाटलं तर पाय दाबा. बाप-लेक एकाच दुःखावरून भांडतात तेव्हा दोघांचं दुःख दुप्पट होतं, हे मी फार घरांत पाहिलंय.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो, उद्या सकाळी काय करायचं. इथे मला तुकोबारायांचाच आधार घ्यावा लागेल, कारण धंदा बुडालेल्या माणसाने पुढे काय केलं याचा हिशेब त्यांनी स्वतः दिला आहे. "याति शूद्र वंश केला वेवसाव" या अभंगात तो क्रमाने आला आहे. आपण तो अभंग गातो, पण त्यातला क्रम सहसा पाहत नाही.

1630 च्या सुमारास दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. आईवडील आधीच गेले होते. दुकान बसलं, पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. "लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें," असं ते लिहितात. म्हणजे लाज आणि त्रास. जगद्गुरू झालेला माणूस ही ओळ मागे ठेवून गेला आहे. त्यानंतर लगेच त्यांना साक्षात्कार झाला का? नाही. पुढच्या ओळीत आहे ते देऊळ. "देवाचें देऊळ होतें तें भंगलें, चित्तासी जें आलें करावेंसें." गावातलं मोडकं देऊळ नीट करायचं मनात आलं आणि ते कामाला लागले. दगडमातीचं, हाताचं काम. त्यानंतर कीर्तन आणि एकादशी, आणि तिथे ते कबूल करतात की अभ्यासात चित्त आधी नव्हतं. मन लागत नव्हतं तरी सुरुवात केली. मग संतांची वचनं पाठ केली. आणि मग ती ओळ, जी मी अडचणीतल्या प्रत्येक माणसाला सांगतो: "गाती पुढें त्यांचें धरावें धृपद."

पुढे कुणीतरी गातंय, आपण मागे उभं राहून धृपद धरायचं. चाल दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे, सूर दुसऱ्याने लावलेला. आपण टाळ घेऊन फक्त साथ करायची. एवढा मोठा धनी माणूस, पण त्या काळात पुढे उभं राहून गाण्याचं बळ त्यांच्यातही नव्हतं, म्हणून ते मागे उभे राहिले. तुम्ही टाळकरी आहात, तुम्हाला हे जास्त सांगायला नको. घसा बसलेला असतो त्या दिवशी आपण ओठ हलवतो, बाकीचे गातात, आणि अभंग पुरा होतो. विश्वासाचंही तसंच असतं. तो रोज आपल्या एकट्याच्या छातीत असलाच पाहिजे असं नाही. आज तुमच्यात नसेल तर तो आप्पांच्यात आहे, आईच्या हरिपाठात आहे, दिंडीतल्या कुणा म्हाताऱ्याच्या वीणेवर आहे. सध्या त्यांचं धृपद धरा.

माझ्या माहितीतल्या एका बाईंचा तरणा मुलगा गेला. पुढच्या वर्षी त्या दिंडीत आल्या, पण त्यांनी तोंडातून एक अभंग काढला नाही. चालायच्या, पंगतीत वाढायच्या, झोपायच्या. विणेकऱ्यांनी कुणालाही त्यांना "म्हणा हो" असं म्हणू दिलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी वेळापूरच्या पुढे कुठेतरी त्या गुणगुणताना दिसल्या. काय बदललं ते मी विचारलं नाही. विचारायचं नसतं.

तेव्हा उद्यासाठी एवढंच करा. एक, हाताचं काही काम धरा, ज्याचा पैशाशी संबंध नाही. देवळाचं असलं तर उत्तम, शाळेच्या कुंपणाचं, विहिरीच्या कठड्याचं असलं तरी चालेल. बाग काढल्यावर तुमच्यासारखा कष्टाळू माणूस दिवसभर रिकामा बसत असेल, तर त्या रिकामपणानेच निम्मा जीव जातो. दोन, दिवसातून एकदा जिथे चार माणसं नाव घेतात तिथे मागे उभे राहा. म्हणावंसं वाटलं नाही तर म्हणू नका.

देवळात जायला नको वाटतं असं तुम्ही लिहिलंय. नीट पाहा, देवाला तोंड दाखवायला नको वाटतं की गावाला? "बाग काढली म्हणे," "पाहुण्यांचं काय झालं," हे प्रश्न नको असतात. मला भेटणाऱ्या दहांतल्या सात-आठ जणांचा देवावरचा विश्वास गेलेला नसतो, गावात फिरायची हिंमत गेलेली असते आणि दोन्ही एकच वाटतात. तसं असेल तर पहाटे काकड्याला जा. तिथे मोजकी म्हातारी माणसं असतात, अंधार असतो, थंडी असते, कुणी कुणाला काही विचारत नाही.

आणि राग येतो त्याचं काय? येऊ द्या. बोलायचं तर त्याच्याशीच बोला. "माझे लेखीं देव मेला," असं तुकोबारायांनी लिहून ठेवलंय, गाथेत आहे, कुणी काढून टाकलं नाही. जनाबाई तर त्याला "अरे विठ्या" म्हणून ज्या शिव्या घालतात त्या मी इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठ असतील. ज्याला शिव्या देता येतात तो अजून आपला असतो. मला काळजी वाटते ती गप्प बसलेल्या माणसाची. तुम्ही माळ काढली, देव्हाऱ्यात ठेवली आणि मग एवढं मोठं पत्र लिहिलंत. कचऱ्यात टाकली नाही. माझ्या दृष्टीने तुमचं भांडण चालू आहे, नातं तुटलेलं नाही.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर असं: बाग गेली ती देवाने शिक्षा केली म्हणून नव्हे, देवाने हिशेबाची हमी दिली नव्हती, आणि विश्वास हे सध्या मनात जबरदस्तीने आणायचं काही नसून इतरांच्या मागे उभं राहून टिकवायचं काम आहे.

आता सचिव म्हणून बोलतो, कारण कर्जाचा विषय बाजूला ठेवून कुणाला भक्ती सांगणं मला पटत नाही. देवावर भार घालायचा याचा अर्थ बँकेची पाकिटं न फोडता कपाटात टाकायची असा नव्हे. "आलिया भोगासी असावें सादर, देवावरी भार घालूनियां," यात भोगाला सामोरं जाणं आधी आहे.

खासगी माणसाचे पैसे आधी पाहा. त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, व्याज किती, जमिनीचा काही कागद करून दिलाय का. महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. त्याच्या धाकाने खरेदीखतावर सही करू नका. बँकेत स्वतः जा, वसुलीवाला यायची वाट पाहू नका. आपत्ती जाहीर झालेल्या काळात तुमचं नुकसान नोंदलं गेलं असेल तर कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे हप्त्यांना मुदत वाढवून मिळणं, याची सोय असते. तुमच्या बाबतीत ती लागू होते का हे महसूल मंडळातली नोंद, पंचनामा आणि तारखा यांवर ठरेल, ते कागद पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. सोसायटीचं पीककर्ज ठरलेल्या तारखेच्या आत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, ती तारीख हुकली असेल तर निदान पुढची हुकू देऊ नका.

जमीन विकायचा निर्णय या हंगामात घेऊ नका. पुन्हा डाळिंबच लावायचं मनात असेल तर सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आधी माती आणि मुळं तिथे दाखवा, मग ठरवा. पुण्याला परत नोकरीला जावंसं वाटलं तर जा. गावी राहणं म्हणजे निष्ठा आणि परत जाणं म्हणजे पळणं, असं काही नाही. वारकऱ्याला पंढरपूर एक आहे, पोट भरायला गाव कुठलंही चालतं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. आता लोक येतील आणि अमुक शांती करा, तमुक दोष आहे, इतके हजार लागतील असं सांगतील. त्यासाठी एक रुपयाही कर्जाने काढू नका. "नवसें कन्यापुत्र होती, तरी कां करणें लागे पती," असं ज्यांनी म्हटलं त्यांचं नाव घेणारे आपण. ज्या घरी हप्ता थकलाय त्या घराला पूजेचा खर्च सांगणाऱ्याचा मला मनापासून संताप येतो.

मग पुढे आराखडे आखायचेच नाहीत का? आखायचे. ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात यावर फार नेमकं सांगितलंय. हाती घेतलेलं काम पुरं झालं तर फार हुरळू नये, आणि "कां निमित्तें कोणें एकें, तें सिद्धी न वचतां ठाके, तरी तेथिंचेनि अपरितोखें, क्षोभावें ना." काही निमित्ताने काम सिद्धीला न जाता मध्येच थांबलं, तर त्या असमाधानाने खवळून जाऊ नये. पुढे तर माउली म्हणतात की थांबलेलं कामही सगुण झालं असंच मान. ही ओवी मी दुःखाच्या पहिल्या महिन्यात कुणाला सांगत नाही, तेव्हा ती दगडासारखी लागते. तुमची बाग जाऊन काही काळ झालाय म्हणून लिहितोय. आज पटली नाही तर राहू द्या. एवढंच पाहा की माउली काम करू नको असं कुठे म्हणत नाहीत. थांबलेल्या कामाचीही ते किंमत धरतात. त्या तीन एकरांत तुम्ही ठिबक, छाटणी, फवारणीचं वेळापत्रक, बाजार, माणसं सांभाळणं शिकलात. ते जेसीबीने उपटलेलं नाही.

2020 मध्ये तर वारीचाच आराखडा मोडला होता, आठवतं का? माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. कळायला लागल्यापासून वारी न चुकलेली माणसं घरात बसली. देवासाठी केलेला बेत, तोही मोडला. आमच्या गावातले जुने वारकरी त्या वर्षी रोज सकाळी देवळाला प्रदक्षिणा घालायचे आणि आज पालखी कुठे असती त्या मुक्कामाचं नाव घ्यायचे, सासवड, जेजुरी, वाल्हे. देवाने असं का केलं यावर त्यांच्यात वाद झालेला मी ऐकला नाही. चालायचं होतं, जेवढी जागा होती तेवढ्यात ते चालले.

शेवटी माळेचं. पाप लागत नाही. माळ तुटते, हरवते, दवाखान्यात काढावी लागते, आणि कधी माणूस रागानेही काढतो. परत घालायची असेल तेव्हा ज्यांच्या हातून पहिली घातली होती त्यांच्याकडे जा. ते नसतील तर तुमच्या फडावरच्या, म्हणजे वारकरी मंडळातल्या, कुणाही जाणत्याकडे जा. ते कारण विचारणार नाहीत. घाई करू नका आणि आप्पांना बरं वाटावं म्हणून घालू नका. तोवर ती देव्हाऱ्यात आहे, चांगल्या जागी आहे. वारीला यायला माळ लागत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आषाढीला दिंडीबरोबर चालावंसं वाटलं तर सामानाच्या गाडीवर, पंगतीला वाढायला, तंबू ठोकायला माणूस लागतोच. ते काम मागून घ्या.

आणि खासगी कर्जाचा कागद, बँकेची नोटीस आली असेल तर तिची तारीख, आणि त्या वर्षी पंचनामा झाला होता की नाही, एवढं मला कळवा. नावं आणि खातेक्रमांक इथे लिहू नका. पुनर्गठनात बसतं का आणि सहायक निबंधकांकडे अर्ज कसा लिहायचा, ते पाहू.